खाली फक्त रेती

अमळनेरात, बोरीच्या अलीकडच्या गल्लीत,
माझ्या छापखान्याचं शटर पडलं त्याला अकरा वर्षं झाली.
खिळे किलोवर गेले, मराठी, गुजराती, थोडे इंग्रजी,
सगळे एका गोणीत, एका भावात.
लाकडी पट्ट्या तेवढ्या कुणी घेतल्या नाहीत.
सागाच्या, बारा पॉइंटच्या, चोवीस पॉइंटच्या,
शाई पिऊन काळ्या पडलेल्या.
माळ्यावर टाकल्या. ठेवतो माणूस. कारण विचारू नये.

माघात सुपडू बेलदार सांगत आला,
जुन्या जिनाच्या आवारातल्या लाद्या निघाल्यात,
काळा दगड, हाताने घडलेला.
गोजरला मागच्या दारी बिबडे वाळवायला जागा हवीच होती.
‘सिमेंट किती लागेल?’ मी विचारलं.
सुपडूनं माझ्याकडे असं पाहिलं,
जणू मी भाकरीला फेविकॉल लावायचं म्हणालो.

वीतभर माती काढली. मुरूम पसरला.
धुम्मस मारून मारून खांदे भरून आले.
वर दोन बोटं रेती, फळीनं ओढून सपाट.
उतार लिंबाकडे, तीन हाताला एक बोट.
दोरी ताणली, कोपऱ्यात पहिली लादी बसली,
आणि दुसरी हातात धरून सुपडू थांबला:
‘दादा, सांधा मोजाले काय शे?’

मी माळ्यावर चढलो.

चोवीस पॉइंटची पट्टी दोन दगडांमध्ये उभी राहिली
तेव्हा बोटांना आपोआप आठवलं,
दोन शब्दांत किती सोडायचं.
जास्त सैल सोडलं तर पानभर पाझर फुटतात,
कमी सोडलं तर वाचणारा धापा टाकतो.
एकदा एका लग्नपत्रिकेत एक जागा चुकून घुसली,
‘आपल्या आगमनाची वाट पाहत आहोत’चं झालं
‘आपल्या आग मनाची वाट पाहत आहोत.’
तीनशे पत्रिका.
वधूपिता पारोळ्याचे, शांत गृहस्थ,
म्हणाले, राहू द्या, खोटं काहीच नाही यात.

एकही लादी दुसरीइतकी जाड नव्हती.
बसव, रबरी हातोडा, पाणसळ, पाय देऊन बघ.
‘डुगडुगस हाई. उचल.’
कोपऱ्यात मूठभर रेती, पुन्हा बसव.
‘अजून डुगडुगस. उचल.’
दिवसाला अकरा लाद्या. कधी नऊ.
खिळ्यांनाही डिंक नसतो, मी सुपडूला सांगितलं,
चौकटीत आवळले की उभे राहतात
एकमेकांच्या भरवशावर.
तो म्हणाला, पाणी दे.

शेवटच्या ओळीला मी खिशातून पुडी काढली.
सात खिळे, गोणीत घालताना मागे ठेवलेले.
त्यातला एक ‘ळ’, माझ्या हाताला सर्वांत ओळखीचा.
म्हटलं, या लादीखाली असू देत.
सुपडूनं रेतीवरचे खिळे एकेक उचलले,
फुंकर मारली, माझ्या तळहातावर ठेवले.
‘शिसं दबी जाई, दादा. दगड खचई.
खाले फक्त रेती.’

मला थोडा राग आला. मग नाही आला.

पट्ट्या ओढून काढल्या. चाळलेली रेती
झाडूनं सांध्यांत लोटली, तिरकी, मग उलटी तिरकी.
दोन दिवसांनी खाली बसली, पुन्हा भरली.
आता बादलीभर पाणी ओतलं तर
लादीवर थांबत नाही,
सांध्यासांध्यातून जमिनीत उतरतं,
उरलेलं लिंबाला जातं.

चैत्रात गोजरनं धोतर अंथरून बिबडे थापले.
ओली बोटं, ज्वारीचा वाफाळता घाटा,
एकाशेजारी एक, मधे तेवढीच जागा.
मी पट्टी घेऊन गेलो नाही. दारातूनच पाहिलं.

नळाजवळची एक लादी अजून हलते.
सुपडू येतो म्हणालाय, आलेला नाही.
सकाळी दात घासताना मी मुद्दाम तिच्यावर उभा राहतो,
या पायावरून त्या पायावर.
टक्. टक्.
पायट्यावरची ट्रेडल चालायची तसं,
कोरा कागद आत, छापलेला बाहेर.